सव्विसावी गोष्ट

हुबळीच्या गोकुळ रोडवरच्या दुकानांत या आठवड्यात एक नवी वेताळ पंचविशी येऊन बसली आहे. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, मुखपृष्ठावर ‘संपूर्ण’ असा शिक्का आणि प्रत्येक गोष्टीखाली पिवळ्या चौकटीत तात्पर्य. ‘संपूर्ण’चा राग एकवेळ गिळता येईल, पण वेताळाच्या गोष्टीला तात्पर्य? शेवटच्या गोष्टीत राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो. त्यावर चौकटीतला मजकूर काय, तर मौनाचे फायदे! तात्पर्याशी या स्तंभाचं वैर जुनं आहे, त्याची उजळणी करत नाही. एवढंच म्हणतो की ज्या पिढ्यांनी शाळेत तात्पर्यं घोकली, त्याच आज बसस्टँडसमोर उलट्या दिशेनं स्कूटर घालतात. याला आकडेवारीचा आधार नाही. संध्याकाळी सहा वाजता तिथं उभं राहणाऱ्याला तो लागतही नाही.

मुळात पंचवीस गोष्टी झाल्या की वेताळ संपला, हे आपल्या भागातल्या वाचकाला पटणारच नाही, कारण त्यानं वेताळ वाचला तो ‘चांदोबा’त. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी मद्रासहून जुलै १९४७मध्ये तेलुगू आणि तमिळमध्ये काढलेलं हे मासिक कन्नडमध्ये १९४९ साली आणि मराठीत १९५२ साली आलं. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांना त्याचा दुहेरी लाभ झाला. घरच्या भाषेत ‘चांदोबा’, शाळेच्या भाषेत ‘चंदमामा’. चित्र तेच, गोष्ट तीच, लिपी तेवढी निराळी. कन्नडचा शब्द अडला की मराठी अंकातलं तेच पान उघडायचं, याहून चांगली शिकवणी कुठल्या क्लासनं दिली असेल असं वाटत नाही. शंकर यांनी रेखाटलेला तो राजा, हातात नंगी तलवार आणि खांद्यावर प्रेत, दोन्ही भाषांत एकाच वाटेनं चालत होता. जुन्या पंचवीस गोष्टींच्या पलीकडं, त्याच चौकटीत नव्या गोष्टी बसवत, मासिकानं त्याला कित्येक दशकं चालवलं. आता ‘संपूर्ण’ म्हणायचं कशाला?

ही मालिका इतकी कशी टिकली, हे कळायला तिच्याशेजारी अमेरिकेतली ‘ओझ’ची पुस्तकं ठेवून पाहावीत. एल. फ्रँक बॉमचं पहिलं पुस्तक १९०० साली आलं. सहाव्या पुस्तकात, म्हणजे १९१० साली, बॉमनं हात टेकले आणि ओझचा देश जगापासून कायमचा अदृश्य करून टाकला. वाचक ऐकेनात. १९१३मध्ये बिनतारी संदेशाची सबब काढून त्याला परत यावं लागलं. १९१९ साली तो वारला, तेव्हाही प्रकाशक थांबला नाही. रूथ प्लमली थॉम्प्सन यांना बसवून १९२१पासून १९३९पर्यंत दर वर्षी एक अशी एकोणीस पुस्तकं काढली, आणि त्यातल्या पहिल्यावर नाव छापलं ते दिवंगत बॉमचंच. त्यांच्यानंतर चित्रकार जॉन नील स्वतःच लिहू लागला. गणती चाळिसापर्यंत गेली. मूळ लेखक गेल्यावर दुसऱ्यांनी मालिका ओढणं हे वरवर ‘चांदोबा’सारखंच वाटतं, पण आतली गोष्ट अगदी उलटी आहे. ओझ पसरत गेला. दर वर्षी नवं राज्य, नवे चमत्कारिक रहिवासी आणि शेवटी पाचूच्या नगरीत मेजवानी. पहिल्या पुस्तकातली डोरोथी घरी परतायला तळमळते. सहाव्या पुस्तकात ती काका-काकूंसकट ओझमध्येच राहायला येते, आणि तिला हवं असं काही उरतच नाही. पुढच्या पुस्तकांत गंमत भरपूर आहे, पण जिवावर बेतण्यासारखं फारच थोडं.

वेताळाच्या जगात विस्तार शून्य. तेच झाड, तेच प्रेत, तीच स्मशानाची वाट, सुरुवातीचा परिच्छेदसुद्धा महिनोन्‌महिने तोच. पण नियम कसा जबरदस्त आहे पाहा. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, आणि बरोबर बोललास तर मौन मोडेल, प्रेत पुन्हा झाडावर. म्हणजे राजा हरतो तो चुकतो म्हणून नव्हे, बरोबर असतो म्हणून. मुलांच्या साहित्यात इतका निर्दय आणि इतका प्रामाणिक नियम क्वचितच सापडेल. ओझ पुढं न्यायचा तर दर वर्षी नवी कल्पनाशक्ती लागते आणि ती आटते. वेताळ पुढं न्यायला न्यायबुद्धी आणि एक खराखुरा पेच पुरतो. म्हणूनच ‘चांदोबा’तली गोष्ट कोणी लिहिली हे ठाऊक नसतानाही ती वेताळाचीच वाटायची. राजा बोलण्याआधीचा तो क्षणभराचा अवकाश वाचणाऱ्या मुलाचा होता. पान उलटण्याआधी त्याला स्वतःचा निवाडा करून टाकावाच लागे.

यावर जाणकार म्हणतील, मासिकवाल्यांनी रचलेल्या गोष्टी ही भेसळ. अस्सल ते संस्कृत. पण अस्सल कुठलं? सोमदेवाचं, क्षेमेंद्राचं, शिवदासाचं की जंभलदत्ताचं? या चौघांच्याही वेताळकथा आहेत आणि त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. ही मालिका जन्मापासूनच पुन्हा सांगणाऱ्यांची आहे. मराठीत तर मौजच झाली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापनीती मराठीत आणली आणि दोनच वर्षांनी वेताळ पंचविशी. एकाच लेखणीनं आपल्याला तात्पर्यही दिलं आणि प्रश्नही दिला. शाळेनं पहिलं उचललं आणि दुसरं बाहेर ठेवलं. या स्तंभातली निम्मी रडगाणी तिथूनच सुरू होतात असा माझा दावा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. या गोष्टींतली उत्तरं जुनाट आहेत. मुलगी कोणाच्या वाट्याला जावी हे तीन वर आणि एक राजा ठरवतात, तिला कोणी विचारत नाही. हे खरंच आहे आणि मुलांपासून लपवण्याचं कारण नाही. पण उत्तर शिळं झालं म्हणून प्रश्न टाकून द्यायचा का? याचा निकाल धारवाडात कधीच लागला आहे. मस्तकांच्या अदलाबदलीच्या गोष्टीत देवीच्या देवळात घाईघाईनं बायको नवऱ्याचं शिर भावाच्या धडाला आणि भावाचं नवऱ्याच्या धडाला लावते. नवरा कोण? राजा म्हणतो, ज्याचं मस्तक नवऱ्याचं तो, कारण सर्व अवयवांत मस्तक श्रेष्ठ. टॉमस मान यांनी १९४०मध्ये भावाच्या जागी मित्र आणून ही गोष्ट फिरवली, आणि मानच्या वाटेनं गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ लिहिलं. १९७१ साली ते छापलं धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेनं. नाटकात निवाडा तोच होतो, मस्तकाच्या बाजूनं. पण कार्नाड तिथं थांबत नाहीत. नवरा देवदत्त याच्या मस्तकाखालचं मित्र कपिलाचं पिळदार शरीर हळूहळू सैल पडतं आणि बायको पद्मिनी रानाची वाट धरते. राजाचं उत्तर मान्य केल्यावर माणसांचं काय होतं, हे त्यांनी विचारलं. मालिका पुढं नेणं म्हणतात ते हेच. पिवळ्या चौकटीत ‘मस्तक सर्वश्रेष्ठ’ असं छापलेलं वाचून कोणालाही ‘हयवदन’ सुचलं नसतं.

‘चांदोबा’ २००७ साली मुंबईच्या एका कंपनीकडं गेला आणि पाचसहा वर्षांत बंद पडला. त्याचे उमाळे आता पुष्कळांना येतात आणि जुन्या अंकांच्या किमती चढतात. पण जुनं पुठ्ठ्यात बांधून विकल्यानं ती मालिका चालू होत नाही. ज्या प्रकाशकाला खरोखर वेताळ हवा आहे, त्यानं तात्पर्याच्या चौकटी काढाव्यात, राजाच्या उत्तराआधी अर्धं पान कोरं सोडावं आणि पंचविसाव्या गोष्टीनंतर आजच्या मुलांसाठी आजची सव्विसावी लिहून घ्यावी. राजकन्येऐवजी त्यात गोकुळ रोडच्या सिग्नलवरचा पेच असला तरी चालेल. उलट्या दिशेनं आलेल्या स्कूटरवाल्याला वाचवताना सरळ जाणाऱ्यानं दुसऱ्यालाच धडक दिली, तर दोषी कोण? आमच्या पिढीनं यावर गप्प राहून डोकी शाबूत ठेवली आहेत. मुलांना निदान उत्तर देण्याची सक्ती तरी होऊ द्या.

– फिरस्ता