बंदूक म्हातारी होत नाही

१८९१ साली झारच्या फौजेनं घेतलेली मोसिन-नागां रायफल २०२२ साली युक्रेनच्या युद्धात पुन्हा दिसली. कुणाच्या हातात? दोनेत्स्कमध्ये सक्तीनं भरती करून रशियाच्या बाजूनं लढायला धाडलेल्या पोरांच्या. पाच गोळ्या, दर गोळीमागं हातानं बोल्ट ओढायचा. समोर तोफा. रशियाकडं कलाश्निकोव्ह नव्हत्या काय? होत्या की! पण ज्याचा जीव स्वस्त, त्याच्या खांद्यावर भंगार.

आपल्याकडची थ्री-नॉट-थ्री घ्या. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत डायरच्या हुकमानं तिच्या १,६५० गोळ्या सुटल्या. निःशस्त्र रयतेला ती पुरून उरली. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर पोलिसांच्या हाती तीच, समोर एके-४७. तिथं ती तोकडी पडली, पोलीस मेले.

मी म्हणतो, जुनी बंदूक म्हणजे सत्तेनं मांडलेला आपल्या जिवाचा भाव. तिच्यामागं उभा गरीब, तिच्यापुढं पडतो तोही गरीब. आम्हा गोदीवाल्यांची पाठ चाळिशीत मोडली की साले आम्हाला मोडीत काढतात. हे लोखंड मात्र तेल पाजून शंभर वर्षं जगवतात.

पोरांनो, बंदूक हातात देणाऱ्याला आधी विचारा: माझ्या जिवाची किंमत कोणी ठरवली?