इंजिन बंद, आवाज चालूच

हॉर्नवर आपण बोटे मोडतो. पण रात्री महामार्गालगतच्या घरात जी अखंड घरघर शिरते, ती बहुतांशी टायरची असते. ट्रकने वेग घेतला की इंजिनाचा आवाज मागे पडतो. टायरचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांत कोंडलेली हवा दाबून बाहेर फेकली जाते, आणि पकडीसाठी बनवलेले खोल नक्षीचे टायर तर गुणगुणतातच.

हा आवाज मोजण्याची पद्धत साधी आहे. इंजिन बंद ठेवून ट्रक ताशी सुमारे 70 किलोमीटर वेगाने घरंगळू द्यायचा आणि मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवायचा. युरोपात ट्रकच्या साध्या टायरला 73 डेसिबल ही मर्यादा आहे. आपल्याकडेही 2022 मध्ये टायरच्या आवाजासाठी नियम अधिसूचित झाले. हे स्वागतार्हच, पण ही चाचणी नव्या टायरची आणि खास गुळगुळीत पट्ट्यावरची. आपले ट्रक धावतात ते झिजलेल्या, रिमोल्ड केलेल्या टायरवर आणि आडव्या खाचांच्या काँक्रीटवर. त्या खाचा पावसात घसरू नये म्हणून असतात, हे मान्य. मग उभ्या खाचा का नकोत? पकड टिकवूनही त्या कमी कण्हतात.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. ती पाळायची तर सुरुवात रस्ता बांधतानाच व्हायला हवी. रस्त्याच्या निविदेत खडी, सिमेंट, जाडी सारे मोजून लिहितात. त्यात आवाजाचाही एक रकाना हवा, आणि तो भरल्याशिवाय कंत्राटदाराचे अंतिम बिल निघू नये.