शेक संपला, उपचार नाही

प्रोस्टेटच्या कर्करोगावर शेक (रेडिएशन) घेण्यासाठी नांदगाव तालुक्यातल्या रुग्णाला नाशिक किंवा मुंबई गाठावी लागते. काही आठवड्यांत शेक संपतो आणि घरचे हुश्श करतात. आजार जास्त जोखमीचा असेल, तर उपचाराचा लांबलचक भाग त्यानंतरच उरतो: दीड ते तीन वर्षे, ठरावीक अंतराने हार्मोनचे इंजेक्शन.

गाठीवर शेक दिल्यावर इंजेक्शन कशाला, असा प्रश्न घरोघरी पडतो. या कर्करोगाच्या पेशी पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसतात. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवले आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. इंजेक्शनने हे संप्रेरक तुटले की पेशींवर शेकाचा मारा अधिक लागू पडतो. शेकाच्या टापूबाहेर दडलेल्या पेशींचीही रसद तुटते.

मुदत अंदाजाने ठरलेली नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत शेकासोबत सहा महिने हार्मोन उपचार घेतलेल्यांत पाच वर्षांतले मृत्यूचे प्रमाण १९ टक्के होते. तीन वर्षे घेतलेल्यांत १५.२ टक्के. पुढे कॅनडातील चाचणीत १८ आणि ३६ महिन्यांच्या मुदतींत जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने जास्त जोखमीच्या २२४ रुग्णांवर केलेली चाचणी शेकाचा टापू किती मोठा असावा, यासाठी होती. पण हार्मोन उपचार दोन्ही गटांना किमान दोन वर्षे होता. मध्यम जोखमीत मात्र सहसा चार ते सहा महिने पुरतात. म्हणून शेजाऱ्याची मुदत आपली नव्हे.

या उपचाराची किंमतही शरीर मोजते. अंगातून गरम वाफा येतात, कामेच्छा मंदावते, स्नायू झडतात, हाडे ठिसूळ होतात, वजन आणि साखर वाढते. हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर तो आधीच सांगावा. हाडांची तपासणी आणि रोजचा व्यायाम हा उपचाराचाच भाग मानावा. इंजेक्शनांऐवजी वृषण काढण्याची शस्त्रक्रिया एकदाच करावी लागते आणि स्वस्त पडते; पण ती कायमची असते. दोन वर्षांच्या गरजेसाठी ती निवडताना हे समजून घ्यायला हवे. इंजेक्शन चालू असताना पीएसए, म्हणजे या आजाराचा माग ठेवणारे रक्तातले प्रथिन, शून्याजवळ येते. त्यावरून ‘बरे झालो’ असे ठरवून पुढची तारीख चुकवणे धोक्याचे आहे.

शेकाचे यंत्र तालुक्याला येणार नाही. इंजेक्शन येऊ शकते. शहरातल्या रुग्णालयाने घरी पाठवताना एकूण इंजेक्शने, त्यांच्या तारखा, शेवटची तारीख आणि तपासण्या मराठीत लिहून द्याव्यात. नांदगावच्या ग्रामीण रुग्णालयात त्या कागदावर इंजेक्शन मिळावे, साखर आणि रक्तदाब तपासले जावेत. एका सुईसाठी म्हाताऱ्या माणसाला दिवसाची मजुरी आणि रेल्वेचा प्रवास खर्ची घालावा लागला, तर मुदत अर्ध्यावर तुटण्याचा धोका वाढतो. आरोग्य यंत्रणेने तो कमी करावा.