मुलगी गप्प झाली, तर आधी घरातला ताण तपासा

‘मोबाइलमुळे बिघडली’, ‘नाटकं करते’, ‘वयच तसं आहे’. किशोरवयीन मुलगी अबोल झाली की घरात हीच वाक्ये ऐकू येतात. मात्र नैराश्य हा आजार आहे. वयात आल्यानंतर तो मुलांपेक्षा मुलींमध्ये जवळपास दुप्पट आढळतो. धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्याची कारणे मुलीच्या स्वभावापुरती पाहून चालणार नाही.

नैराश्य कसे ओळखाल?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी किंवा चिडचिड, झोप-भुकेत बदल, अभ्यासात लक्ष न लागणे, मैत्रिणी टाळणे, ‘माझा काही उपयोग नाही’ असे बोलणे. अनेकदा मुलगी फक्त डोके किंवा पोट दुखत असल्याचे सांगते.

ताण कुठून येतो?

ऊसतोड : भूम, वाशी, कळंब, परंडा भागातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्यातच परततात. मुलगी आजीजवळ राहिली तर घर तिच्यावर, सोबत गेली तर पाणी, भाकरी आणि लहान भावंडे तिच्यावर. शाळा सुटते, मैत्रिणीही सुटतात.

लग्न : ऊसतोडीची उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला मिळते. त्यात ‘पोरगी एकटी कशी ठेवायची’ ही भीती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात 20 ते 24 वयोगटातील 21.9 टक्के महिलांचे लग्न 18 वर्षांआधी झाले होते. स्थळे पाहायला सुरुवात झाली की मुलीच्या मनातले पुढचे बेत कोलमडतात.

कर्ज आणि दुष्काळ : शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी 2015 मध्ये यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू झाले. त्याचा रोख शेतकऱ्यावर होता. त्याच घरात सावकाराचा तगादा ऐकणाऱ्या मुलीच्या मनाचा विचार क्वचितच होतो.

दुजाभाव : मुलाला लातूरला क्लास, मुलीला मात्र गावातलीच शाळा. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण ‘लोक काय म्हणतील’ या भीतीवर पासचा इलाज नाही.

घर काय करू शकते?

गोव्यात 12 ते 16 वयोगटातील मुलामुलींवर झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण, शिवीगाळ आणि अभ्यासातील अडचणींचा मानसिक आजाराशी संबंध दिसला. अडचणीत कुटुंबाचा आधार वाटणाऱ्या मुलांमध्ये मात्र त्रास कमी होता. म्हणजे ताण देणारे घरच ढालही होऊ शकते. त्यासाठी पैसा लागत नाही. दिवसातून थोडा वेळ उपदेश न करता ऐकणे, कामाची वाटणी भावालाही देणे आणि लग्नाचा विषय 18 पर्यंत बंद ठेवणे, एवढे जमले तरी फरक पडेल.

शाळेचे काय?

आई-वडील फडावर असतील, तर ऐकणार कोण? बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील शाळांमधील प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. प्रशिक्षण दिलेला स्वतंत्र समुपदेशक होता, तिथे विद्यार्थ्यांमधील नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी घटली. तेच काम शिक्षकांवर सोपवले, तिथे असा परिणाम दिसला नाही. आधीच कामांनी वाकलेल्या शिक्षकांवर आणखी एक जबाबदारी टाकून उपयोग नाही, हा यातला धडा आहे. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे केंद्र आहे. त्याची मदत घेऊन जिल्हा परिषदेने किमान ऊसतोड पट्ट्यातील शाळांमध्ये समुपदेशक नेमावेत. गळतीचे आकडे दरवर्षी मोजले जातात; मुली गप्प का होतात, हेही विचारायला हवे.

मदत कुठे मिळेल?

टेली-मानस : 14416 (मोफत, 24 तास, मराठीतही)
चाइल्ड हेल्पलाइन : 1098 (बालविवाह रोखण्यासाठीही)

मुलगी मरणाची भाषा बोलत असेल, तर तिला एकटे सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.