फॉरमॅट मारावा लागेल!

दाढ दुखते म्हणून गेलेल्या माणसाला डॉक्टरने "मुंडकं बदलावं लागेल" असं सांगितलं, तर आपण काय करू? निदान दुसरा डॉक्टर तरी गाठू. पण लॅपटॉप सुरू होत नाही म्हणून दुकानात न्यावा, तिथल्या पोराने तो धड उघडूनही न बघता "काका, फॉरमॅट मारावा लागेल" म्हणावं, आणि आपण मुकाट्याने मान डोलवावी! माझं भांडण या मान डोलवण्याशी आहे.

मराठीत आपण थापा मारतो, बढाया मारतो, दुपारच्या वेळी माशा मारतो. त्यात कोणी मरत नाही (माशासुद्धा नाहीत). फॉरमॅट मारला की मात्र खरोखरच मरतं. माझ्या लॅपटॉपमध्ये नातीचं बारसं होतं, पेन्शनचे कागद होते, आणि आईने शेवटच्या दोन वर्षांत आठवून आठवून सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. त्या मी दोन बोटांनी टाइप केल्या होत्या. पोराच्या लेखी तो सगळा 'डेटा'. "डेटा जाईल हं काका," हे तो "चहात साखर कमी आहे हं" इतक्याच सहजपणे म्हणाला.

यंत्रही काही कमी नाही. जुनी स्कूटर रुसली की तिरकी करायची, रेडिओ बसला की थापड द्यायची. दोघांनाही भाषा कळायची. लॅपटॉप नुसते ठिपके गोल गोल फिरवतो. दुरुस्तीची तयारी चालू आहे म्हणतो, मालवतो, उठतो, पुन्हा तयारी! इतकी तयारी मुलीच्या लग्नातही होत नाही. 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून तर निळ्या पडद्यावर पडलेल्या तोंडाचं चित्र यायला लागलं. अहो, बिघडलास तू, तोंड आम्ही पाडायचं की तू? 2025 मध्ये ते तोंड काढलं आणि पडदा काळा केला. म्हणजे आता थेट दुखवटाच.

बरं, 'शट डाउन' केलं म्हणजे तो बंद होतो असं तुम्ही समजता ना? पुष्कळ यंत्रांत 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय चालू असते. रात्री बंद करताना तो आपल्या पोटातली बरीचशी अवस्था डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तीच पुन्हा उचलतो. रात्रीचं अजीर्णही त्यात आलंच! खरा पूर्ण बंद होऊन उठतो तो 'रीस्टार्ट' म्हटल्यावर. असल्या उलट्या कारभारात माणसाने कोणाचा शब्द धरावा?

पण सुरू न होणं म्हणजे सगळं जाणं नव्हे. दार अडकलं म्हणजे घर जळालं का? 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगातली सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. औषध काय निघालं? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल पुसायची. 85 लाख यंत्रांना कोणी सरसकट फॉरमॅट मारत बसलं नाही!

तेव्हा पोराला स्पष्ट सांगा : आधी डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लाव, नाहीतर पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू कर, आतलं सगळं उतरवून घे, मला उघडून दाखव, आणि मग तुला काय मारायचं ते मार. डिस्क बोर्डालाच चिकटलेली असेल तर पेनड्राइव्हचाच रस्ता. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर 48 आकडी किल्ली लागते. बहुतेकदा ती आपल्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, ती आधी शोधून ठेवा.

"त्याचे वेगळे पैसे पडतील काका," असं तो म्हणेल. पडू देत. मी स्टूल ओढून तिथेच बसलो, आणि पहिली ओवी पडद्यावर उघडेपर्यंत उठलो नाही.