ट्रक दुरुस्तीची शाळा आणि आपली लाज

गेल्या भीमजयंतीच्या मेळाव्यात एका स्नेह्याने आपला मुलगा ‘इंजिनिअरिंगला’ असल्याचे सांगितले. वस्तुतः तो ट्रकची डिझेल इंजिने दुरुस्त करावयास शिकला होता. चोरी नव्हे, व्यसन नव्हे; तरी बापाने ते लपविले! आम्ही त्यास हसत नाही. आम्हीही कदाचित तेच केले असते.

जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांचे १९३६ चे प्रतिपादन आम्ही दर एप्रिलात व्यासपीठावरून ऐकवितो. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी आमच्या मुलांसाठी परदेशी शिष्यवृत्त्या मागितल्या, तशीच रेल्वेच्या कारखान्यांतील उमेदवारीही मागितली. पहिली मागणी आम्हास पाठ आहे; दुसरीचा विसर पडला. डॉक्टरकीची पदवी घेऊन अमेरिकेत आलेल्या आम्ही तेलकट हातांकडे पाहून नाक मुरडावे, हे आमच्याच घरात शिरलेले ब्राह्मण्य नव्हे तर काय?

या लाजेची किंमत डॉलरांत मोजावी लागते. लपवायचे म्हणून कोणास विचारायचे नाही, आणि विचारले नाही म्हणून गुळगुळीत माहितीपत्रक पाहून सही करायची. आमच्या स्नेह्याने एका खाजगी शाळेसाठी ३०,००० डॉलरांवर कर्ज काढले. तेथे एका इंजिनाभोवती पंधरा मुले उभी असत. दुरून शस्त्रक्रिया पाहून कोणी सर्जन झाला आहे काय?

हा धोका एकट्यादुकट्याचा नाही. कोरिंथियन कॉलेजेस ही नफ्यासाठी चालविलेली साखळी २०१५ मध्ये बुडाली. डिझेल शिकविणारी वायोटेक एकेकाळी तिच्याच मालकीची होती. त्या साखळीच्या सुमारे ५,६०,००० विद्यार्थ्यांचे ५.८ अब्ज डॉलरांचे कर्ज माफ करण्याचे सरकारने २०२२ मध्ये जाहीर केले.

कम्युनिटी कॉलेजची फी स्थानिक रहिवाशास वर्षाला सरासरी ४,००० डॉलरांच्या आसपास पडते. प्रथम तेथे डिझेलचा अभ्यासक्रम आहे का, त्यास एएसई एज्युकेशन फाउंडेशनची मान्यता आहे का, हे पाहावे. मग तास चालू असताना वर्कशॉपमध्ये जाऊन उभे राहावे. एअर ब्रेक मुले स्वतः खोलतात की फळ्यावरच पाहतात? धुरातील काजळी अडविणारे फिल्टर असलेली नवी इंजिने आहेत, की सारी भंगारातलीच? हत्यारे मेकॅनिकला बहुधा स्वतःची घ्यावी लागतात; तो खर्चही विचारावा. आणि गावातल्या ट्रक गॅरेजच्या फोरमनला गाठून, तो कोणत्या शाळेची मुले कामावर घेतो, एवढे तरी विचारावेच. त्याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकाहून खरे असते.

स्नेह्याचा मुलगा सध्या एका ट्रक यार्डात नोकरीस आहे. कर्ज अजून फिटलेले नाही. यंदाच्या गुणवंतांच्या सत्कारात त्याचेही नाव, त्याच्या खऱ्या व्यवसायासह, घ्यावे असे आम्ही कार्यकारिणीस लेखी कळविले आहे.