विज्ञान-विचार : धातूंतील अशुद्धि

वेदान्तांतील स्फटिकाचा दृष्टान्त वाचकांच्या परिचयाचा आहे. शेजारीं जास्वंदीचें फूल ठेविलें कीं स्फटिक तांबडा दिसतो. फूल उचललें कीं पूर्ववत् शुभ्र. धातूंतील अशुद्धीविषयीं पदार्थविज्ञानाची समजूत दीर्घकाल अशीच होती. विजेच्या प्रवाहास होणारा रोध दोन भागांचा मानावा : एक धातूचा स्वतःचा, उष्णतेनें वाढणारा, दुसरा परक्या अणूंमुळें येणारा, उष्णतेनें न बदलणारा. १८६४ च्या सुमारास मॅथिसेन यानें मांडिलेल्या ह्या नियमाप्रमाणें दुसरा भाग वजा केला, कीं शुद्ध धातूचा स्वभाव हातीं लागावा. सामान्य धातूंत हा हिशेब बहुधा जुळतो.

एके ठिकाणीं मात्र तो कोलमडतो. सीरियमच्या एका अणूस तांब्याचे सहा, अशा प्रमाणाचा एक धातु आहे. त्यांत तांब्याच्या साठ अणूंपैकीं सुमारें एकाच्या जागीं सोनें घातलें, कीं तो चुंबकीय क्रमाच्या उंबरठ्यावर येतो. पाणी गोठतें तें उष्णता गेल्यामुळें. येथील स्थित्यंतर रचना बदलल्यामुळें, केवल शून्यावर, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सियसवर घडतें. यास क्वांटम स्थित्यंतर म्हणतात. इतक्या थंडींत इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील टकरींचा रोध एरवीं तपमानाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढावयाचा. १९९४ मध्यें कार्ल्सरूहे येथील फॉन लोहनायझेन व त्यांचे सहकारी यांना ह्या धातूंत तो सरळ प्रमाणांत वाढतांना आढळला.

उंबरठ्यावरील चुंबकीय खळबळ विशिष्ट दिशेनें जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांनाच फार अडविते. गांवाच्या चार वाटांपैकीं एकीवर जत्रेची गर्दी असली, तर गाड्या उरलेल्या तिहींनीं जातात. शुद्ध धातूंत तसेंच होतें. परके अणु मात्र इलेक्ट्रॉनांना वारंवार एका वाटेवरून दुसरीवर फेंकतात, आणि गर्दीचा त्रास सर्वांस वांटला जातो. त्यामुळें वर्गाऐवजीं तपमानाच्या दीडाव्या घाताचें प्रमाण येऊं शकतें, असें आखिम रोश यांनीं १९९९ मध्यें गणितानें दाखविलें. सोनेंमिश्रित धातूचें सरळ प्रमाण एवढ्यानें उलगडत नाहीं. त्याविषयीं मतभेद आहेत.

तात्पर्य, येथें फूल उचलून स्फटिक पाहतां येत नाहीं. शुद्ध पदार्थाचे नियम शिकवितांना अशुद्धि हा निव्वळ अडथळा म्हणून आम्ही मास्तर बाजूस सारीत आलों. नियम कोठवर चालतो, हेंहि त्याच तासाला सांगावयास हवें होतें.